सन्तुट्ठीचा अर्थ : मुनिक जातकाच्या निमित्ताने

यवतमाळ जिल्ह्यातील नेर हे अमरावती-यवतमाळ मार्गावरील तालुक्याचे गाव. काळ्या मातीचा, कापसाचा हा मुलूख. गेल्या वर्षावासात तेथील एका विहारात चाललेल्या प्रवचनमालेतील एक दिवस आमच्याकडे आला होता. विषय निवडण्याची मोकळीक होती, म्हणून आम्ही मुनिक जातक निवडले. कथा लहान, श्रोत्यांत लेकुरवाळ्या स्त्रिया व शाळकरी मुले पुष्कळ, आणि बोध सर्वांना पेलणारा, असा आमचा सोपा हिशेब होता. दुसऱ्याचे वैभव पाहून जळू नये, आपल्याजवळ जे आहे त्याचे मोल ओळखावे, असा समारोप करून आम्ही बसलो. तोच मागच्या रांगेतील एक वृद्ध उपासिका उठून उभ्या राहिल्या. आयुष्यभर दुसऱ्यांच्या शेतांत निंदण आणि कापसाची वेचणी केलेल्या त्या बाईंनी विचारले, "सर, आमच्या बुढ्यालेबी मालक हेच सांगे. हाय त्यात सुख मान, लोकाच्या ताटाकडं पाहू नोको. मंग बुद्धानं आमाले येगळं काय सांगतलं?"

सभा क्षणभर स्तब्ध झाली. आम्ही काहीतरी उत्तर दिले. परंतु ते आमचेही समाधान करू शकले नाही. धम्म स्वीकारलेल्या समाजाने ज्या अनेक शब्दांची फेरतपासणी करावयास हवी, त्यांत 'संतोष' हा शब्द अग्रभागी आहे. तो आपल्या कानांवर दोन वाटांनी आला. एक वाट मंगल सुत्ताची आणि धम्मपदाची. दुसरी वाट गावगाड्याची. शब्द एकच असल्यामुळे दोन्ही वाटांनी आलेला अर्थही एकच असावा, अशी आपली गफलत होते. मुनिक जातक समोर ठेवून ही गफलत कोठे होते, हे पाहण्याचा येथे प्रयत्न केला आहे.

कथेचे बळ

मुनिक जातक एककनिपातात येते. जातकट्ठकथेच्या क्रमाने ते तिसावे. काशी राष्ट्रातील एका गावी एका कुटुंबिकाच्या घरी महालोहित आणि चुल्ललोहित असे दोन बैल होते. दोघे सख्खे भाऊ. घरचे सारे ओझे त्यांच्याच खांद्यावर. त्या घरच्या मुलीचे लग्न ठरले आणि वऱ्हाडाच्या पाहुणचारासाठी मुनिक नावाचे डुक्कर पेज व भात घालून पोसले जाऊ लागले. धाकट्या बैलाने थोरल्यास विचारले, राबतो आपण, आणि आपल्या वाट्याला गवत व भुसा. हे डुक्कर काहीच करीत नाही, तरी त्याला भात कसा? थोरला म्हणाला, त्याचा हेवा करू नकोस, ते त्याच्या मरणाचे अन्न आहे. तू निश्चिंतपणे आपला भुसा खा, त्यात दीर्घायुष्य आहे. थोड्याच दिवसांत पाहुणे आले, मुनिक मारले गेले आणि त्याचे कालवण झाले. तेव्हा धाकट्याला आपला भुसा त्या भाताहून शतपटीने, सहस्रपटीने बरा वाटला. हीच कथा तिकनिपातात सालूक जातक म्हणून पुन्हा भेटते. मराठी वाचकांना ती दुर्गा भागवतांच्या 'सिद्धार्थ जातका'मुळे, तर हिंदी वाचकांना भदन्त आनंद कौसल्यायन यांच्या जातकानुवादामुळे सुलभ झाली आहे.

या कथेतील तीन गोष्टी प्रथम नोंदविल्या पाहिजेत. पहिली अशी की, थोरला बैल धाकट्याला नशीब सांगत नाही. तुझ्या पूर्वजन्मीच्या पापामुळे तुला भुसा मिळाला, असे तो म्हणत नाही. हा भात कशासाठी घातला जात आहे ते पाहा, एवढेच सांगतो. म्हणजे येथील समाधान आज्ञापालनातून नव्हे, तर कारण जाणण्यातून आलेले आहे. पालीत ज्याला योनिसो मनसिकार म्हणतात, त्याचेच हे खेड्यातले रूप होय.

दुसरी गोष्ट समोधानात आहे. कथेच्या शेवटी पूर्वजन्मीच्या पात्रांची ओळख दिली जाते, तेव्हा थोरला बैल म्हणजे स्वतः तथागत आणि धाकटा बैल म्हणजे आनंद, असे सांगितले आहे. भिक्खुसंघातील सर्वांत मायाळू, सर्वांत सेवातत्पर असा हा शिष्य. दुसऱ्याच्या ताटाकडे नजर जाणे हे दुष्ट माणसाचे लक्षण नसून चांगल्या माणसालाही गाठणारी दुर्बलता आहे, हे जातककाराने किती हळुवारपणे सुचविले आहे!

तिसरी गोष्ट भाषेची आहे आणि आमच्या मते ती सर्वांत महत्त्वाची. थोरल्याच्या तोंडच्या गाथेत 'इस्सा' हा शब्द नाही. तेथील क्रियापद 'पिहेति' या वर्गातले आहे. त्याचे नाते संस्कृतातील 'स्पृह्' धातूशी आहे. मराठी अनुवादात आपण 'हेवा' म्हणून मोकळे होतो. पण चुल्ललोहिताच्या मनात आहे ती स्पृहा. मलाही भात मिळावा, असे त्याला वाटते. मुनिकाचा भात काढून घ्यावा, असे तो म्हणत नाही. हा भेद पुढे कामी येणार आहे.

कथेची मर्यादा

आता दुसरी बाजू. कथेत ज्याने भात आणि भुसा वाटला, तो कुटुंबिक कोठेही चर्चेस येत नाही. जू कोणी ठेवले, भुसा किती घालावयाचा हे कोणी ठरविले, हे प्रश्न कथेच्या कुंपणाबाहेर राहतात. जातककाराचा तो हेतूही नाही. कथा जेतवनात सांगितली गेली ती प्रलोभनात सापडलेल्या एका भिक्खूसाठी. ज्याने स्वेच्छेने घर सोडले आहे, त्याला सुग्रास अन्नाच्या मोहातील धोका दाखविण्यासाठी ही उपमा योजिलेली आहे. भिक्खूला सांगितलेली उपमा आम्ही शेतमजुरांच्या सभेत जशीच्या तशी सांगितली, ही चूक जातकाची नाही, आमची आहे.

कोण कोणाला सांगतो, याने बोधाचा अर्थ बदलतो. कथेत भुशाचे मोल सांगणारा स्वतः बैल आहे, त्याच जुवाखालचा आहे, तोच भुसा खाणारा आहे. हेच शब्द कुटुंबिकाने गोठ्यात येऊन बैलांना सांगितले असते, तर? अक्षरही न बदलता ती कथा बोधकथा न राहता फसवणूक झाली असती. नेरच्या उपासिकेचा प्रश्न नेमका येथे बोट ठेवतो. त्यांच्या वडिलांना संतोष सांगणारा त्यांच्याबरोबर भुसा खात नव्हता.

आणखी एक उणीव आहे. धाकट्या बैलाला भुसा गोड लागला, तो मुनिकाचा अंत पाहिल्यावर. त्याचे समाधान दुसऱ्याच्या दुर्दैवावर उभे आहे. मुनिक वाचले असते, तर धाकट्याचा भुसा पुन्हा कडू झाला असता. तुलनेतून आलेले समाधान तुलनेतच नाहीसे होते. शेजाऱ्याचे घर पडले म्हणून आपल्या झोपडीत सुख मानणे हा संतोष नव्हे. ती इस्साच आहे, फक्त तिची इच्छा पुरी झालेली आहे. म्हणून मुनिक जातकाला सन्तुट्ठीच्या शिकवणीची पहिली पायरी म्हणावे. तिचे शिखर म्हणू नये. त्या शिखरासाठी सुत्तपिटकाकडेच वळावे लागते.

इस्सा आणि मच्छरिय

दीघनिकायातील सक्कपञ्ह सुत्तात देवराज सक्काने तथागतांना एक मोठा प्रश्न विचारला आहे. सर्वांनाच वैराविना, हिंसेविना राहावेसे वाटते; तरीही सर्वजण वैरात का जगतात? उत्तरात तथागतांनी दोन बंधने सांगितली : इस्सा आणि मच्छरिय. एक नव्हे, दोन. आणि ती जोडीने. विसुद्धिमग्गात या दोहोंची लक्षणे शेजारी-शेजारी दिली आहेत. दुसऱ्याची संपत्ती न साहणे ही इस्सा. तिचे निकटचे कारण म्हणजे दुसऱ्याचा उत्कर्ष. आपली संपत्ती झाकून ठेवणे, ती दुसऱ्याबरोबर वाटली जाणे सहन न होणे हे मच्छरिय. त्याचे निकटचे कारण म्हणजे स्वतःचा उत्कर्ष. एक खालून वर पाहणाऱ्याला अधिक जडते, दुसरे वर बसलेल्याला अधिक जडते. तथागतांनी दोघांचाही रोग एकाच वाक्यात सांगितला.

गावगाड्याने यांतील अर्धेच घेतले. गरिबाच्या इस्सेवर प्रवचने झाली. श्रीमंताच्या मच्छरियावर मौन पाळले गेले. आमच्या मते संतोषाच्या उपदेशाची ही पहिली कसोटी आहे : हा उपदेश मच्छरियाविषयी काही बोलतो काय? बोलत नसेल, तर तो अर्धा धम्म आहे. आणि अर्धा धम्म पुष्कळदा अधम्माच्या कामी येतो.

मच्छरियाचे पाच प्रकार सांगितलेले आहेत : आवास, कुल, लाभ, वण्ण आणि धम्म. निवास, यजमान कुळे, मिळकत, रूप वा प्रशंसा, आणि विद्या ही फक्त आपल्यापाशीच असावीत, ही वृत्ती. यांतील 'वण्ण' शब्दाचा अट्ठकथेतील अर्थ रूप किंवा गुणकीर्ती असा आहे. पण चातुर्वर्ण्याच्या भूमीत हा शब्द वाचताना तिसरा अर्थ आठवल्यावाचून राहत नाही. तो अर्थ मूळ संहितेवर लादण्याचा आमचा विचार नाही. परंतु वर्णव्यवस्थेकडे मच्छरियाची संस्था म्हणून पाहिले, तर बऱ्याच गोष्टींचा उलगडा होतो, एवढे मात्र नमूद करावेसे वाटते. तीत निवास राखीव होता, कुळ राखीव होते, मिळकत राखीव होती, मान राखीव होता आणि विद्या तर सर्वांत कडक पहाऱ्यात होती.

शिवाय इस्सा ही केवळ खालच्याची व्याधी असते, असेही नाही. बाबासाहेबांनी १९३६ साली प्रसिद्ध केलेल्या जातिनिर्मूलनाविषयीच्या भाषणात जयपूर संस्थानातील चकवारा या गावची घटना दिली आहे. तीर्थयात्रेहून परतलेल्या एका अस्पृश्य गृहस्थाने आपल्या जातभाईंना जेवण दिले. पानांत तूप वाढले. तेवढ्यावरून गावातील सवर्ण लाठ्या घेऊन आले, त्यांनी अन्न नासले आणि जेवणाऱ्यांना मारहाण केली. त्याच भाषणात इंदूर भागातील बलाई लोकांवर घातलेल्या बंधनांचे १९२८ सालचे वृत्तही आहे : जरीकाठी पागोटे बांधू नये, रंगीत काठाचे धोतर नेसू नये, स्त्रियांनी सोन्याचांदीचे दागिने घालू नयेत. चकवाऱ्याचे तूप त्या यजमानाच्या स्वतःच्या पैशाचे होते. ते पाहून ज्यांचा जळफळाट झाला, त्यांच्या घरी तुपाची वाण नव्हती. दुसऱ्याच्या पानातले तूप न साहणे, हीच अभिधम्मातील इस्सा; दुसऱ्याचा लाभ, सत्कार, मान, वंदन पाहून होणारी तडफड. मारणाऱ्यांजवळ सर्व काही होते; नव्हती ती सन्तुट्ठी. तेव्हा संतोषाचा उपदेश त्या दिवशी चकवाऱ्यात कोणाला करावयास हवा होता, हे वाचकांनीच ठरवावे.

कशात सन्तुष्ट, कशात असन्तुष्ट

मंगल सुत्तात सन्तुट्ठीला मंगल म्हटले आहे, धम्मपदात तिला श्रेष्ठ धन म्हटले आहे, हे आपण वंदनेच्या वेळी नित्य ऐकतो. अंगुत्तरनिकायाच्या दुकनिपातातील एक लहानसे सुत्त मात्र आपण क्वचितच ऐकतो. त्यात तथागत स्वतःच्या अनुभवाने दोन गोष्टी सांगतात. कुशल धम्मांच्या बाबतीत असन्तुष्ट असणे आणि प्रयत्नांत माघार न घेणे. या दोहोंचे मोल आपण जाणले व त्यांच्याच बळावर बोधी मिळविली, असे त्यांचे म्हणणे आहे. म्हणजे असन्तुष्टता ही बुद्धत्वाच्या मुळाशी आहे! संतोष आणि असंतोष हे तथागतांच्या शिकवणीत एकमेकांचे शत्रू नाहीत. त्यांची क्षेत्रे वेगळी आहेत. चीवर, भिक्षान्न, निवास यांत भिक्खूने सन्तुष्ट असावे. शील, विद्या, प्रज्ञा आणि प्रयत्न यांत कधीही सन्तुष्ट असू नये.

अरियवंस सुत्तात याच्याही पुढचे पाऊल आहे. मिळेल त्या चीवरात भिक्खू सन्तुष्ट असतो. पण त्या संतोषामुळे तो स्वतःला उंच समजत नाही आणि दुसऱ्याला तुच्छ लेखत नाही, असे तेथे बजावले आहे. संतोषाचाही गर्व होऊ शकतो, हे तथागतांनी ओळखले होते. मुनिक जातकात जी उणीव आम्हांस दिसली, ती येथे भरून निघते. हा संतोष कोणाच्याही तुलनेवर उभा नाही.

अट्ठकथाकारांनी संतोषाचे तीन प्रकार केले आहेत : यथालाभ, यथाबल आणि यथासारुप्प, म्हणजे मिळेल तसे, पेलेल तसे आणि शोभेल तसे. चार प्रत्ययांना हे तीन लावून बारा प्रकार होतात. यांतील 'यथाबल' विशेष पाहण्यासारखा आहे. आजारी भिक्खूला रूक्ष अन्न पचत नसेल, तर ते बदलून पथ्याचे अन्न घेतल्याने त्याचा संतोष भंगत नाही. संतोष म्हणजे उपासमार निमूट सोसणे नव्हे, हे अट्ठकथेलाही मान्य आहे.

एवढे झाले भिक्खूंचे. गृहस्थाचे काय? येथे आपल्या प्रवचनकारांकडून नेहमी गल्लत होते. भिक्खूचा अपरिग्रह ते गृहस्थाच्या माथी मारतात. तथागतांनी तसे केलेले नाही. अनाथपिंडिकाला त्यांनी गृहस्थाची चार सुखे सांगितली आहेत : अत्थिसुख, भोगसुख, आनण्यसुख आणि अनवज्जसुख. स्वतःच्या कष्टाने, घाम गाळून, धम्माने मिळविलेले आपल्याजवळ आहे, याचे सुख. त्याचा उपभोग घेण्याचे व त्यातून पुण्यकर्म करण्याचे सुख. कोणाचे देणे नसण्याचे सुख. आणि निर्दोष आचरणाचे सुख. 'आपल्याजवळ आहे' या जाणिवेला तथागतांनी सुखांच्या यादीत पहिले स्थान दिले, ही लहान गोष्ट नाही. मात्र त्या 'आहे'च्या आधी कष्ट आहेत, घाम आहे, धम्म आहे. दुसऱ्याने टाकलेल्या तुकड्यात सुख मानण्याला अत्थिसुख म्हणता येणार नाही.

कोलियांच्या कक्करपत्त या निगमात दीघजाणु नावाच्या गृहस्थाला दिलेला उपदेशही याच जातीचा आहे. उद्योग, मिळविलेल्याचे रक्षण, कल्याणमित्रांची संगत आणि समजीविता हे ऐहिक सुखाचे चार आधार. समजीविता म्हणजे आय व व्यय ओळखून, तराजू धरणाऱ्याप्रमाणे तोल सांभाळून राहणे. उधळपट्टी नको आणि हात आखडून उपाशी मरणेही नको. गृहस्थाची सन्तुट्ठी ही अशी आहे. तीत उद्योग पहिला येतो. तीत दारिद्र्याचे कौतुक कोठेही नाही.

बाबासाहेबांची कसोटी

'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाच्या तिसऱ्या खंडात, तृष्णात्याग म्हणजे धम्म हे सांगताना, बाबासाहेबांनी धम्मपदातील संतोषविषयक वचनाचा अर्थ स्पष्ट केला आहे. संतोष म्हणजे दीनपणा नव्हे, परिस्थितीपुढे शरणागती नव्हे. दरिद्री ते धन्य, असे बुद्ध म्हणाले नाहीत. पीडिताने आपली स्थिती बदलू नये, असेही ते म्हणाले नाहीत. उलट संपत्ती स्वागतार्ह मानून त्यांनी वीर्य, म्हणजे उत्साही कृती, शिकविली. संतोषाचा अर्थ एवढाच की, ज्याला अंत नाही अशा लोभाच्या अधीन माणसाने होऊ नये. हा बाबासाहेबांनी बाहेरून आणलेला अर्थ आहे, असा आक्षेप काही अभ्यासक घेतात. वर दिलेली सुत्ते पाहिल्यावर तो टिकत नाही. बाबासाहेबांनी मूळ अर्थावर चढलेली पुटे काढली, असे म्हणणेच अधिक यथार्थ होईल.

पण प्रामाणिक समीक्षकाने अडचणीच्या जागाही टाळू नयेत. मज्झिमनिकायातील चूळकम्मविभङ्ग सुत्तात मत्सरी माणूस पुढच्या जन्मी प्रभावहीन होतो, दान न देणारा दरिद्री होतो आणि उद्धट माणूस नीच कुळात जन्मतो, असे विवेचन येते. हे सुत्त शब्दशः घेतले, तर नेरच्या उपासिकेच्या वडिलांना मालकाने जे सांगितले, त्यालाच आधार मिळतो. पूर्वकर्माच्या सिद्धान्ताचा उपयोग दीनदुबळ्यांच्या स्थितीची जबाबदारी राज्याला व समाजाला टाळता यावी एवढाच होऊ शकतो, असे बाबासाहेबांनी निःसंदिग्धपणे म्हटले आणि महाकारुणिक बुद्धाने तो सांगितला असेल, हे त्यांनी अमान्य केले. त्यांनीच दाखवून दिल्याप्रमाणे देवदह सुत्तात सर्व सुखदुःख पूर्वकर्माने घडते, या निगंठांच्या मताचे तथागतांनी खंडन केले आहे. चक्कवत्तिसीहनाद सुत्तात तर राजाने निर्धनांना धन दिले नाही म्हणून दारिद्र्य वाढले, दारिद्र्यातून चोरी आणि चोरीतून हत्या वाढली, अशी कारणपरंपराच दिली आहे. तेथे दोष निर्धनाच्या पूर्वजन्माला दिलेला नाही. तो न देणाऱ्या राजाकडे जातो. एकाच पिटकातील दोन स्वर जेथे जुळत नाहीत, तेथे कोणता स्वर तथागतांच्या करुणेशी व कारणविचाराशी सुसंगत आहे, हे तपासण्याचा अधिकार आपल्याला आहे. तो बाबासाहेबांनी वापरून दाखविला.

आता मुनिक जातकातील तो भाषिक भेद पुन्हा हाती घेऊ. दुसऱ्याजवळचे मलाही असावे, ही स्पृहा. दुसऱ्याजवळ ते आहे हेच न साहणे, ही इस्सा. आणि जे सर्वांचे आहे ते मलाही मिळाले पाहिजे, ही न्यायाची मागणी. तिन्ही वेळी नजर दुसऱ्याकडे जाते, म्हणून बाहेरून तिन्ही सारख्या दिसतात. आणि मागणी करणाऱ्याला मत्सरी ठरविणे सोपे जाते. महाडचा सत्याग्रह या भेदाचे सर्वांत उज्ज्वल उदाहरण आहे. २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले गेले. त्याच वर्षी २५ डिसेंबरच्या परिषदेत बाबासाहेबांनी सांगितले की, त्या पाण्याने आपण अमर होणार आहोत असे नाही. आजवर ते पाणी न पिताही आपण जगलो आहोत. आपण तळ्यावर जाणार ते इतरांसारखी आपणही माणसे आहोत, हे सिद्ध करण्यासाठी. या म्हणण्यात स्पृहा नाही आणि इस्साही नाही. पाण्याच्या बाबतीत हा समाज सन्तुष्ट होता. माणुसकीच्या बाबतीत असन्तुष्ट होता. तथागतांनी सांगितलेली क्षेत्रांची विभागणी याहून स्पष्टपणे कोणी आचरून दाखविली असेल, असे आम्हांस वाटत नाही.

आपल्या घरातली इस्सा

येथे लेख संपविता आला असता. मालकाचा संतोष वेगळा, बुद्धाचा संतोष वेगळा, असे सिद्ध करून आपण मोकळे झालो असतो. पण मग तथागतांनी इस्सेला बंधन का म्हटले, हा प्रश्न आपल्या उंबऱ्याबाहेरच राहिला असता.

विहाराच्या दोन अंगांना दोन घरे असतात. एका घरात नोकरी आली, दुसऱ्यात मजुरीच राहिली. दोघांचे आजोबा १९५६ साली एकाच धम्मात आले. आज नोकरीच्या घराला मच्छरिय जडते : मुलांना शहरात नेले, वस्तीची वाट विसरली, अर्ज कसा भरावा, शिष्यवृत्ती कोठे मिळते हे शेजारच्या पोराला सांगण्याचेही जिवावर येते. मजुरीच्या घराला इस्सा जडते : तो मोठा झाला म्हणजे लबाडीनेच झाला असणार. समितीची निवडणूक असो, जयंतीची मिरवणूक असो, या दोन बंधनांचा खेळ आपण पाहतो. विहारात साध्या विधीने होऊ शकणारे लग्न शेजाऱ्याच्या मांडवाएवढा मांडव हवा म्हणून कर्जात जाते आणि आनण्यसुख वर्षानुवर्षे हरपते.

हे लिहिताना एक सावधगिरी बाळगली पाहिजे. याच यवतमाळ जिल्ह्यातील चिलगव्हाणच्या साहेबराव करपे यांनी १९ मार्च १९८६ रोजी पत्नी व मुलांसह जीवन संपविले. कापसाच्या मुलखातील शेतकऱ्याच्या कर्जाला भाव, पाऊस, बियाणे-खतांचा खर्च आणि पतपुरवठा यांची कारणे आहेत. त्या कर्जापुढे समजीवितेचे प्रवचन करणे निर्दयपणाचे होईल. आम्ही बोलत आहोत ते फक्त त्या कर्जाविषयी, जे आपण शेजाऱ्याच्या नजरेसाठी काढतो.

आम्ही स्वतःही यातून सुटलेलो नाही. आमच्याबरोबर पाली घेऊन एम. ए. झालेल्या एका मित्राची परदेशी विद्यापीठात निवड झाली, तेव्हा अभिनंदनाचे पत्र लिहावयास आम्हांस तीन आठवडे लागले. त्या तीन आठवड्यांत आमच्या टेबलावर सुत्तनिपात उघडाच होता. आणि आम्हां अभ्यासकांत धम्ममच्छरिय किती खोल असते, हे ज्यांनी एखाद्या विद्वानाकडे त्याची टिपणे पाहावयास मागितली असतील, त्यांना सांगावयास नको.

यावरचा उपाय तथागतांनी मुदिता म्हणून सांगितला आहे. दुसऱ्याच्या उत्कर्षात आनंद मानणे. मैत्री व करुणा यांविषयी आपण पुष्कळ बोलतो; मुदितेचा मात्र उच्चार करून पुढे जातो. दुःखितासाठी कळवळणे तुलनेने सोपे आहे. बरोबरीच्या माणसाची बढती ऐकून मनापासून आनंदणे अवघड आहे. मंगल सुत्तातच तिला पोषक असे एक पद आहे. तेथे सन्तुट्ठीच्या लगत कतञ्ञुता बसविली आहे. कतञ्ञुता म्हणजे केलेले जाणणे. आपल्याजवळ जे आहे, ते कोणाच्या कष्टांनी आले, हे ज्याला आठवते, त्याला शेजाऱ्याजवळचेही त्याच कष्टांतून आले असल्याचे आठवते. मालकाच्या संतोषाला कतञ्ञुता नको असते. केवळ मुकेपणा पुरतो.

त्या दिवशी प्रवचनानंतर त्या उपासिकेने आम्हांस चहासाठी घरी नेले. दोन खोल्यांचे घर, सारवलेली जमीन, भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर, फळीवर नातीची पुस्तके. घरावर कोणाचे कर्ज नाही, हे त्यांनी आपणहून सांगितले. सांगताना आवाजात जो ताठा होता, तो अत्थिसुखाचा आणि आनण्यसुखाचा होता. शेजारी नवे सिमेंटचे दुमजली घर उभे राहिले होते. आमची नजर तिकडे गेलेली पाहून त्या म्हणाल्या, "त्यायच्या पोरानं बांधलं. लय कष्टाचं पोरगं हाय. आमच्या नातीले गणित थोच शिकवते."

मालकाचा संतोष झिडकारणाऱ्या त्याच बाई हे बोलत होत्या. त्यांना आमच्या उत्तराची गरज होती, असे आता वाटत नाही. पुढच्या वर्षावासात नेरला जाण्याचा योग आला, तर मुनिक जातक पुन्हा सांगू. मात्र या वेळी प्रथम त्यांचा प्रश्न सांगू आणि मग कथा.